चढावरचा बसथांबा

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआ शहरातल्या आमच्या भागाचे नगरसेवक मूळचे वेल्सचे. निवडून येण्याआधी इथल्याच शाळेत मास्तर होते. सभेतही पुढच्या रांगेतल्या बोलक्यांना हाताने थांबवतात आणि मागे गप्प बसलेल्यांना विचारतात. आमच्या घराजवळचा बसथांबा काढायचा की नाही यावर सभा होती, तेव्हा त्यांनी माझ्या आईला विचारलं.

आई मराठीतच बोलली. ते इंग्रजीत सांगताना मी पुढच्या थांब्याचं अंतर, रस्त्याचा चढ, सगळं आकड्यांसकट माझ्याकडूनच घातलं.

"आकडे नंतर," ते म्हणाले. "आई काय म्हणाल्या? माझी आजी वेल्श बोलायची, तीही इंग्रजी सभेत गप्पच बसायची."

"म्हणते, थांबा गेला तर मी घरातच अडकणार."

शनिवारी ते दारात उभे. त्यांना पुढच्या थांब्यापर्यंत आईबरोबर चालून बघायचं होतं.

"मास्तर घरी आले, म्हणजे तक्रार तुझ्याबद्दलच असणार," आई मला म्हणाली आणि निघाली.

ते तिच्याच चालीने चढले. अर्ध्यावर ती दम लागून एका कठड्यावर टेकली, तेव्हा तेही शेजारी टेकले. तिथूनच त्यांनी थांबे ठरवणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला.

"सोमवारी या. निर्णय त्यानंतर घेऊ. आणि गाडीने नको, या आईंबरोबर चालत या."