धवला तुटू द्यायचा नसतो

मी बोलते आहे आणि नात लिहिते आहे. तिला अक्षर येतं, मला नाही. पण बोलण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही, एक सात महिने सोडले तर. त्या सात महिन्यांचंच सांगते.

आम्ही ठाण्याजवळच्या खाडीकाठचे आगरी, घरची दोन मिठागरं. मी धवलारीण. आमच्यात मांडव घातल्यापासून पोरगी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो गाऊन लग्न लावते ती धवलारीण. एकही धवला कुठे लिहिलेला नाही, सगळे डोक्यात. आणि सुरू केलेला धवला मध्ये तुटू द्यायचा नसतो. तुटला तर नवराबायकोचा संसार तुटतो, असं गावोगावी पक्कं मानतात.

त्या वैशाखात कल्याणच्या पुढच्या एका लग्नघराने मला न्यायला स्टेशनावर तट्टू पाठवलं. आमच्या बायका तट्टावर बसत नाहीत. पण मला कोण तोरा! बसले ऐटीत. मांडवाशी पोचले, तर धवलारणीचा मान म्हणून वाजंत्र्यांनी एकदम ढोल बडवला. ते बिचारं भाताची पोती वाहणारं जनावर, उधळलं. मी खाली, आणि डोकं विहिरीच्या दगडी काठावर. असा मान देवाने वैऱ्यालाही देऊ नये.

नऊ दिवस मी कुठे होते ते मला ठाऊक नाही. जागी झाले तेव्हा उजेड सोसवेना, उजवा हात लुळा पडलेला, आणि तोंडातून एकच शब्द निघे, मीठ. पाणी हवं, मीठ. लुगडं हवं, मीठ. जाऊ धावत मीठ घेऊन यायची आणि मी चिडून वाटी भिरकावून द्यायचे. मला सगळं कळत होतं हो! मनात शब्द असायचा आणि जिभेशी आला की पळायचा. भगताने लिंबाच्या डहाळीने झोडपून काढलं. ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार बसलाय, वाचा येईल किंवा येणारही नाही. नवरा माझा मुळातच कमी बोलणारा. तो संध्याकाळी ओट्यावर नुसता माझ्याकडे बघत बसायचा.

लेकीचं लग्न मार्गशीर्षात धरलं होतं. ती पाळण्यात होती तेव्हापासून मी सांगत आले होते, हिचं लग्न मीच लावणार. आता डोंबिवलीच्या धवलारणीला सुपारी गेली. माझ्यासमोरून गेली. मी रडलेसुद्धा नाही, इतका संताप आला होता.

आश्विनात एकदा जाऊ उखळात भात कांडत होती. मुसळाचा ठेका पडला आणि माझ्या तोंडून हळदीचा धवला सुरू झाला. एक शब्द अडला नाही. जावेने येऊन माझ्या तोंडावर हातच ठेवला.

"गप बस गो! मांडव नाय, हळद नाय, अवेळी धवला गातात काय? पोरीच्या लग्नाला अपशकुन करशील!"

सगळं गाव तिच्या बाजूचं, कारण मांडवाशिवाय धवला अशुभ. धवले शिकायला येणाऱ्या पोरींना हे मीच शिकवत आले होते, आता बोलणार कुणाला? औषध तोंडात आलं होतं आणि माझीच माणसं ते थुंकायला लावत होती. गाणं थांबलं की तोंडात पुन्हा मीठ.

पोरगी मात्र माझ्यावर गेलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी हाताला धरून मला मिठागरावर घेऊन गेली. पावसानंतर तिकडे अजून काम सुरू झालं नव्हतं.

"गा, आये. हितं खेकड्यांशिवाय कोण ऐकतंय?"

मी मानेने नको म्हटलं. मला खरंच भीती वाटत होती.

"लगीन माझंच ना? मग अपशकुनाचं माझं मी बघीन. गा."

मग काय, रोज दुपारी बांधावर बसून गायचे. थोड्या दिवसांनी पोरीने नवीनच खूळ काढलं. पाणी हवं असेल तर धवल्याच्या चालीत माग, नाहीतर मिळणार नाही. मग मी भात वाढ म्हणायचे तेही गाऊन. गाव हसलं. हसू दे. भात तर मिळत होता.

हळदीच्या आदल्या दिवशी जाणती माणसं ओट्यावर बसली. म्हणाली, हिच्या डोक्याचा भरवसा काय? लग्न लागताना मध्येच मीठ म्हणाली तर? पोरीने बजावलं, "आये गाईल, नायतर मी हळदीच्या पाटावर बसत नाय." डोंबिवलीची धवलारीण मोठ्या मनाची. ती म्हणाली, "मी शेजारी बसते. अडली तर धवला मी उचलीन."

हळदीचा सगळा दिवस गायले. दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला, पलीकडे माझी पोर उभी, आणि माझं डोकं रिकामं झालं. जिभेवर मीठच आलं. दात घट्ट मिटले आणि नुसता सूर धरून ठेवला. डोंबिवलीवालीने तोंड उघडलं, तशी मी हात वर करून तिला थांबवलं. तोच तो लुळा उजवा हात! कसा वर गेला, मला विचारू नका. सूर सोडला नाही, आणि शब्द आला. मग पुढचा आला. शेवटपर्यंत आले. धवला तुटला नाही.

पोर निघताना पाया पडली. आता धवले संपले होते, गायला चाल नव्हती. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि साधं बोलले.

"जा, बाय. सुखानं नांद."

चालीशिवाय बोलले. माझं मलाच खरं वाटेना. मागे वळले तर नवरा खांबाला टेकून उभा.

"बघता काय नुसते? पोरीचा पेटारा गाडीत कोण ठेवणार, मी?"

तो पेटारा उचलता उचलता हुंदके देऊन रडायला लागला. सगळ्यांना वाटलं, बापच तो, लेक चालली म्हणून रडतोय. खरं कारण मला ठाऊक होतं. सात महिन्यांनी बायको त्याच्यावर खेकसली होती.