तळहातावरची हळद

कुरुंद्याला कबड्डीचा संघ निवडायला गेलो, की हळदीच्या कामावरून आलेला एक म्हातारा रेषेबाहेर उभा असायचा. चढाईला जाणारी पोरं हाताला माती चोळतात. हा त्यांच्या तळहातावर हळद टाकायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी एकच जागा उरली होती. तिच्यासाठी उतरवलेलं एक राखीव पोरगं शेवटच्या चढाईत पकडलं गेलं, एकही गुण मिळाला नाही. मी त्याचं नाव खोडायला लागलो, तसा म्हातारा तडकला, "काहून खोडून राहिले, साहेब? आधी भ्यायचं लेकरू, सारी हळद सोताच्याच गुडघ्याला पुसायचं. आज समोरच्यांचे बनियन बघा."

तीन बनियनांवर पिवळे पंजे उमटले होते. मी कागदच बघत बसलो होतो.

मान वर केली, तर माझ्या पेनाकडे बघत पोरगं तळहात गुडघ्याला पुसत होतं.