कोलेटवरचं गोमूत्र

मालकानं लोखंडी प्लेट माझ्या पायांवर फेकली. "भोक हाय का बीळ हे? तुमच्या जातीच्या हाताला मापच न्हाय." आठ-दहा कामगार ऐकत होते. कुणी मान वर केली नाही.

सोलापुरातलं ते वर्कशॉप पॉवरलूमचे सुटे भाग करायचं. मी आयटीआय करून तिथं लागलो होतो, छोट्या मिलिंग मशीनवर प्लेटांना भोकं पाडायला. ड्रिल धरायला मला दिलेला चक झिजलेला. कुठल्याही मापाचं ड्रिल त्यात बसायचं, पण फिरताना टोक थरथरायचं आणि भोक मोठं व्हायचं. त्याच्या जागी कोलेट हवं होतं, ड्रिल धरणारी पोलादी नळी. एका कोलेटात एकाच मापाचं ड्रिल बसतं, पण सरळ आणि गच्च.

कोलेटचा डबा होता की! खंडेनवमीला पुजलेला, देवाच्या फोटोखाली. तो फक्त मालकाचा पुतण्या उघडायचा. मी मागितलं तर म्हणाला, "पूजेतलं हाय ते. तू चकवरच कर की."

दोन वर्षं चकाच्या शिव्या मी खाल्ल्या. आज किळस येते ती माझीच. कारण मलाही वाटायला लागलं होतं, आपला हातच वाईट असेल.

एकदा पुतण्या अक्कलकोटला लग्नाला गेला आणि दुपारीच माल द्यायचा होता. नाइलाजानं मालकानं डबा उघडला. कोलेट वरूनच माझ्या तळहातावर टाकलं, बोटाला बोट लागू नये म्हणून. चाळीस प्लेटा केल्या. एकही भोक वाकडं नाही. माल न्यायला आलेला माणूस म्हणाला, "असा हात पायजे." मालक म्हणाला, "पुतण्याचं काम हाय." मी समोर उभा होतो, तेलानं माखलेला.

तो माणूस गेला. मालकानं कोलेटवर गोमूत्र शिंपडलं आणि तसंच ओलं डब्यात ठेवून दिलं. पोलाद ते, ओलं ठेवलं की गंजणारच!

दोन दिवसांनी पुतण्या परतला, त्यानं डबा उघडला. तांबडा गंज. मालक सगळ्यांना दाखवत सुटला, "बघा, ह्याचा हात लागला." मग पॉलिश पेपर माझ्याकडे फेकला. "घास आता."

गंजल्यावर त्याला माझा हात चालत होता.

"मालक, माझ्या हाताला तेल होतं. तेलानं गंज चढत न्हाय. मुतानं चढतो. मी घासणार न्हाय."

"मग चालता हो."

मशीनवरचा चक सोडवला आणि मालकाच्या गादीवर ठेवला, तेलासकट. पुतण्या डब्याकडे बघत राहिला.

बाहेर ऊन होतं. हातात काम नव्हतं. पण त्या चाळीस प्लेटा मी केल्या होत्या, हे आता कुणाला विचारायची गरज नव्हती. पुढच्या वर्कशॉपात पाय ठेवल्यावर आधी विचारणार, कोलेटचा डबा कोण उघडतं? उत्तर वाकडं आलं तर मशीन सुरूच करणार नाही. माझं भोक चुकलं तर चुकलं म्हणेन. पण माझ्या जातीचं नाव काढणाऱ्याची मान धरून त्याला आधी झिजलेला चक फिरताना दाखवीन.