वैध नसलेलं नाव

आमच्या वस्तीचं जुनं नाव म्हणजे आमच्या जातीचं नाव आणि पुढे 'वाडा'. ते बदलावं म्हणून हिमायतनगरच्या तहसीलला सर्वांत जास्त चकरा माझ्या वडिलांनी मारल्या. शाळामास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी दुसरं काही केलंच नाही. अखेर ग्रामसभेचा ठराव झाला, सरकारी मंजुरी आली, वेशीवर नवी पाटी लागली.

मी लातूरला कॉलेजात शिकवते आणि फावल्या वेळात विकीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या खुल्या ज्ञानकोशात, लिहिते. दिवाळीत गावी गेले तेव्हा वडिलांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. विकीवर वस्तीचं पान होतं, पण जुन्याच नावाचं.

"बाई, तू ह्याच्यात लिहितीस ना? तेवढं बदलून टाक."

"हाव बाबा, दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणाले.

मी नाव बदलायची खिडकी उघडली, नवं नाव टाकलं, बटण दाबलं. लाल चौकटीत उत्तर आलं: या नावाचं पान आधीच आहे किंवा हे नाव वैध नाही, दुसरं नाव निवडा.

वडील शेजारीच बसले होते. चष्मा पुसून त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. "वैध न्हाई? आपलं नाव?"

"तसं नाही बाबा, काहीतरी गडबड आहे."

त्या नावाचं पान शोधलं, ते कुठंच नव्हतं. नावातल्या दोन शब्दांमधली जागा काढून पाहिली, नावापुढे तालुका जोडून पाहिला. दर वेळी तेच वाक्य आलं. वडिलांनी आतून मंजुरीच्या कागदाची झेरॉक्स आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. जणू ती मोबाईलला दाखवली की काम होईल. मला त्यांच्याकडे बघवेना.

लातूरला परतल्यावर मी विकीच्या चर्चापानावर विचारलं. तीन दिवसांनी एका प्रचालकांनी, म्हणजे विकीची देखरेख करणाऱ्यांपैकी एकांनी, सांगितलं की नावात काही दोष नाही. पूर्वी लिहिणाऱ्यांत भांडणं झाल्यामुळे वस्तीचं पान संरक्षित केलं आहे, नाव फक्त प्रचालक बदलू शकतात. संदेश चुकीचा दिसतो, हे त्यांनाही माहीत होतं.

मी रीतसर विनंती टाकली, मंजुरीचा कागद जोडला. खाली कुणीतरी लिहिलं, जुनं नावच जास्त प्रचलित आहे. दुसऱ्यानं त्याला दुजोरा दिला. मी लिहिलं की त्या नावानं हाक मारली की माणसं मान खाली घालतात. त्यावर उत्तर आलं, भावना हा संदर्भ होत नाही. महिनाभरानं एकमत नाही म्हणून चर्चा बंद झाली. ज्यांनी ती बंद केली त्यांच्याशी भांडावं, तर ते नियमानंच वागले होते.

वडिलांचा दर रविवारी फोन येतो. गेल्या रविवारीही त्यांनी विचारलं, "झालं का गं?"

चर्चा बंद झाल्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "करून राहिले बाबा, वेळ लागतोय."

"वैध न्हाई कसं म्हणतेत पण?" ते म्हणाले. "खाली कुणाची सही हाय का?"

"सही नसते बाबा. ते मशीन लिहितं."

मग त्यांनी हळूच विचारलं, "मग दरखास्त कुणाच्या नावानं करायची?"