साडूंचे दोन जिने

साडूसाडूंनी मिळून धंदा करू नये, असं त्या दोघांना कुणीतरी वेळीच सांगायला हवं होतं. पण सांगणार कोण? दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आणि बांधकामाच्या त्या भागीदारीची जास्त हौस त्यांनाच. पुढे ऑफिसच्या संडासात कुठल्या रंगाची फरशी बसवायची, यावरून मोठ्या शेठनी आणि धाकट्या शेठनी एकमेकांशी बोलणं टाकलं. भागीदारी मात्र टाकता येईना, कारण बहिणींचं छान चाललं होतं. मग मोठे शेठ साइटवर सकाळी यायला लागले, धाकटे संध्याकाळी, आणि दोघांचे निरोप पोचवायचं काम सुपरवायझरच्या गळ्यात पडलं.

सुपरवायझर उंच, काटकुळा आणि सदा खाली मान घातलेला. भिंत सरळ आली का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, त्यावरून साइटवर सगळे त्याला ओळंबा म्हणत.

माणूस लबाड मुळीच नव्हता. फक्त निरोप आहे तसा कधी पोचवत नसे. मोठे शेठ सकाळी गरजत, "त्या शहाण्याला सांग, सळ्या आल्या नाहीत तर त्यालाच स्लॅबमध्ये आडवा घालीन." संध्याकाळी ओळंबा सांगे, "मोठे शेठ म्हणत होते, सळ्यांचं तुम्हीच बघा, दुसऱ्या कुणाला ते जमत नाही." धाकटे शेठ हरखून लगेच फोन लावत. त्यांनी काढलेल्या "म्हाताऱ्याला अक्कल नाही" या उद्गाराचं सकाळपर्यंत "सगळं तुमच्या अनुभवावर सोडलंय" असं होई.

यात परोपकार वगैरे काही नव्हता. भागीदारी मोडली तर दोघांपैकी एकही आपल्याला ठेवणार नाही, प्रत्येकाला आपण दुसऱ्याचाच माणूस वाटणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. या वयात नवी साइट कोण देणार? घरी दोन पोरं शिकत होती.

नव्या इमारतीत जिन्याचा घोळ झाला. मोठ्या शेठना जिना पुढून हवा, धाकट्यांना मागून. ओळंब्याने दोघांनाही "तुमचंच पटलंय त्यांना" असं सांगितलं आणि दोन्ही जिने बांधून काढले. मोठ्यांनी विचारलं, "मागचा कशाला?" तर म्हणे, आग लागली तर लागतो, नियम आहे. पुढच्या जिन्याबद्दल धाकट्यांनाही तोच नियम ऐकवला. एवढीशी इमारत आणि दोन जिने! आम्ही तरी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

एकदा धाकट्या शेठना संध्याकाळी अडचण होती म्हणून ते सकाळीच आले, आणि गच्चीवर दोघे साडू समोरासमोर उभे ठाकले. ओळंबा टाकीपाशी होता.

कधी नव्हे ते मोठे शेठ स्वतः बोलले. "तुझा तो नियमाचा जिना बरा झालाय."

"नियमाचा माझा कसा? नियमाचा तर तुमचा!"

मग एकेक निघत गेलं. कोण काय म्हणालं होतं, कोण काय म्हणालंच नव्हतं. शेवटी दोघेही एकदम ओळंब्याकडे वळले. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"उद्यापासून येऊ नकोस," मोठे शेठ म्हणाले.

"उद्यापासून?" धाकटे म्हणाले. "पलीकडच्या प्लॉटवर खोदाई चाललीय, ती कोण बघणार? तुम्ही? तुम्हाला ऊन सोसत नाही."

"आणि तू दुपारी घोरत पडतोस!"

मोठे शेठ लालबुंद झाले. त्यांनी साडूकडे पाठ फिरवली आणि ओळंब्याला म्हणाले, "याला सांग, असल्या मूर्खाला भागीदार केला हेच माझं चुकलं."

धाकटे हातभर अंतरावर होते. त्यांनी शब्द न शब्द ऐकला होता.

ओळंब्याला संताप आला. नोकरी तर गेलीच आहे, एकदाचा निरोप जसाच्या तसा द्यावा आणि मोकळं व्हावं, असं अगदी ओठांवर आलं. तो धाकट्या शेठकडे वळला. "मोठे शेठ म्हणतात, खोदाईचं तुमचं म्हणणं बरोबर आहे."

धाकट्या शेठनी आधी साडूच्या पाठीकडे पाहिलं, मग ओळंब्याकडे. "त्यांना सांग, सकाळी त्यांनीच बघावं. त्यांच्याइतका अनुभव कुणाला आहे?"

ओळंब्याने सांगितलं. मोठ्या शेठनी मान डोलावली. "बरं म्हणावं."

ओळंब्याने उद्या यायचं की नाही, ते कुणी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.