साळवेबाईंचं अठराशे सत्त्याण्णव

परिपाठात दिनविशेष वाचून झाला, की साळवेबाई मुलांना एकच प्रश्न विचारायच्या, "आणि आपल्यातलं कोण?" कोणी पुण्याला जन्मलेलं असायचं, कोणी लंडनला वारलेलं. आमच्या पाथर्डी तालुक्यातलं कधीच कोणी नसायचं. मुख्याध्यापक हसण्यावारी न्यायचे. मी शेजारच्या वर्गावर होतो. भिंतीपलीकडून बाईंचा खणखणीत आवाज मला रोज ऐकू यायचा.

एका हिवाळ्यात शिक्षण खात्याच्या साहेबांची शाळाभेट ठरली. प्रत्येक वर्गाने फळ्यावर एकेका जुन्या सालाची माहिती लिहायची होती. बाईंच्या सातवीला १८९७ आलं. थोरांचे जन्म, थोरांचे मृत्यू, प्लेग, दुष्काळ, सगळं मुलांनी सुबक अक्षरात लिहिलं. बाई म्हणाल्या, "छान. आता घरी विचारून या, तेव्हा आपलं कोण होतं?"

बऱ्याच मुलांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. घरी म्हातारी माणसंच. दुसऱ्या दिवशी राधाची आजी स्वतःच शाळेत आली.

"माजा आजेसासरा पिलेगाच्या साली झाला, बाई. दुष्काळी कामावर त्याची आई खडी फोडत हुती, तितंच बाळंत झाली अन् तितंच गेली. कामावरच्या बायांनी आपलं दूध पाजून पोर जगवलं. म्हनून नाव दगडू."

"आईचं नाव काय हो?"

"ते कुनाला ठावं न्हाई."

बाईंनी थोरांच्या ओळीतच लिहिलं: जन्म, दगडू. मृत्यू, दगडूची आई.

भेटीच्या दिवशी साहेब नेमके तिथेच थांबले. "हे कोण? पुरावा काय याला?"

बाईंनी राधाला पुढे घेतलं. "ही. दगडू जगला नसता, तर ही पोरगी कुठून आली असती?"

"असं चालत नाही, बाई. पुसून टाका."

"तुम्ही पुसा, साहेब. माझ्या हातून व्हायचं नाही."

साहेबांनी डस्टरकडे पाहिलं, राधाकडे पाहिलं, आणि पुढच्या वर्गाकडे निघून गेले.

उन्हाळ्यात बाईंची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. मुख्याध्यापक समजुतीने म्हणाले, "साहेबांना माफीच्या दोन ओळी लिहून द्या. मी शब्द टाकतो." बाई चिडल्या की त्यांची गावाकडची बोली वर यायची. "लई झाली माफी, सर. आमच्या पिढ्या माफी मागन्यातच गेल्या. माज्यापास्नं ते बंद." त्या बदलीच्या गावी गेल्या आणि तिथेही वर्षभरात कोणाशी तरी भांडल्याचं कळलं. मला फार बरं वाटलं.

गेल्या वर्षी बाई नगरला वारल्या. शोकसभेत आमचे तेच मुख्याध्यापक, आता निवृत्त, गहिवरून बोलले, "साळवेबाई अत्यंत शांत, सोशिक होत्या."

माझ्याने बसवेना. मी उभा राहिलो. "नव्हत्या, सर. भांडायच्या. आणि ज्याच्यासाठी भांडायचं, त्याच्यासाठीच भांडायच्या."

सभेत कुजबुज झाली. पुढच्या रांगेत बाईंची मुलगी बसली होती. तिने डोळे पुसले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, असं कोणीतरी हळूच तिच्या कानात सांगितलं. ती थांबली नाही.