मेस्त्रीच्या डोक्यावरचं पागोटं

आमच्या नव्या घरात सगळ्यांत आधी काय बसलं असेल तर पाळण्याची कडी. दारांना अजून बिजागऱ्या नव्हत्या, चूल मांडली नव्हती, पण मागच्या खोलीच्या तुळईला ही जाडजूड लोखंडी कडी. आईनं मेस्त्रीच्या मागे लागून ती ठोकून घेतली. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. कडी लागल्याबरोबर मीच लोंबकळून पाहिली.

घर बांधलंच होतं त्यासाठी. बाबा लोणावळ्याला रेल्वेत फिटर, आणि आम्ही राहायचो चाळीतल्या एका खोलीत. ताईला पहिल्यांदाच दिवस गेले होते. तिच्या सासूनं सांगून ठेवलं होतं, माहेरी धड खोली असेल तर पाठवीन, नाहीतर नाही. म्हणून ती मागची खोली ताईची. आषाढात ती येणार होती.

मेस्त्री वडगावचा, गोड बोलणारा. वैशाखात वास्तुशांत झाली आणि बाबा त्याला पागोटं बांधायला निघाले. शेजारी गायीगुरं असलेले एक आबा होते, ते बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, पागोटं दिवाळीला बांधा. आमच्यात घरानं एक पावसाळा काढला की मगच मेस्त्रीचा मान करत्यात."

बाबा हसले. "आबा, माणूस समोर उभा आहे. बोडक्या डोक्यानं कसा पाठवू?"

आणि पाच माणसांत, स्वतःच्या हातानं, जांभळ्या काठाचं पागोटं बांधलं. मी टाळ्या वाजवल्या. मला अजून त्याची लाज वाटते.

आषाढ लागला आणि चौथ्या दिवशी कडीतनं पाणी ठिबकायला लागलं. बरोबर कडीतनंच. कौलांखालून आत शिरायचं, तुळईवरून वाहत यायचं आणि कडीच्या टोकाशी थेंब धरायचा. आईनं खाली पातेलं ठेवलं. दोन दिवसांनी भिंतीही ओल्या झाल्या, गादी ठेवायला कोपरा उरला नाही.

आबा इरलं घेऊन आले, बाहेरनं छपराकडे बघत राहिले. "ह्ये पाखं वडगावच्या पावसाचं हाय," म्हणाले. "हितं लय उभं पाखं लागतं. हितला पाऊस वरनं न्हाई येत, आडवा येतो."

म्हणजे छपराचा उतारच कमी पडला होता. दोन्ही बाजूंची उतरती पाखी काढून नव्यानं चढवायला हवी होती, ताई यायच्या आत. मेस्त्रीला दोन निरोप गेले. तो आला नाही. मग वडगावला जायला बाबांनी रजा टाकली. आई मला म्हणाली, "तू जा बरोबर. ह्यांना बोलता येत नाही."

गाडीत बाबा सारखे पुटपुटत होते, काय बोलायचं त्याची उजळणी. मी म्हटलं, "बाबा, 'कृपा करून' म्हणू नका." ते म्हणाले, "बरं."

मेस्त्री ओट्यावर बसला होता, डोक्यावर तेच पागोटं. शेजारी त्याची म्हातारी आई तांदूळ निवडत होती.

"कडी गळते," बाबा म्हणाले. एवढी उजळणी करून एवढंच.

"लोखंड कुटं गळतंय व्हय, भाऊ?"

"कडी नाही, पाखं," मी म्हटलं. "उतार कमी आहे."

"पोरगी लय हुशार. हिलाच द्यायचं हुतं काम." मग तो हसायचा थांबला. "भाऊ, काम पसंत नव्हतं तर पाच माणसांत ह्ये बांधलंत कशाला? आता वाईट म्हणताय. ठीक हाय. तुमी बांधलं, तुमीच उतरवा. उद्या येतो आन् पाखं नवं करून देतो."

आणि त्यानं बाबांसमोर मान वाकवली.

हात लांब केला की पागोटं हातात, इतकं जवळ. म्हातारीचं निवडणं थांबलं. दारात मेस्त्रीची बायको उभी. मी मनात म्हणत होते, काढा बाबा, काढा, ताई येणार आहे.

बाबांचा हात वर गेला. स्वतःच्या टोपीपर्यंत. टोपी नीट केली आणि म्हणाले, "येतो आम्ही."

स्टेशनवर मी विचारलं, "का नाही काढलंत?"

"त्याची आई समोर बसली होती गं."

लोणावळ्यापर्यंत मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. घरी आईनं माझ्याकडे पाहिलं, मी सगळं सांगितलं. पातेलं भरलं होतं, ते उचलून ती बाहेर ओतून आली.

ताईच्या सासरी कार्ड बाबांनीच लिहिलं. खोली ओली आहे, पाठवू नये. ताईला तिकडेच मुलगी झाली. दुसऱ्या वेळी आम्ही बोलावलं तर सासूनं उलट विचारलं, घर वाळलं का? ते बाळंतपणही तिकडेच झालं. दुसरा मेस्त्री आणायची ऐपत तेव्हा नव्हती, पुढेही आली नाही.

दिवाळीपर्यंत खोली वाळायची. मग दिसायचा तो कडीखालच्या जमिनीत थेंबांनी पडलेला खळगा, वाटीएवढा. आई माती घालून बुजवायची, वरून सारवायची. पुढच्या आषाढात पुन्हा तिथेच पडायचा.